एका कॉफीचे दोन पेले

मित्रांनो, मी एक जुनी पितळी किटली आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझं बूड अजून सपाट आहे, कडी घट्ट आहे, आणि माझ्या नळीतून कॉफीचा एक थेंबही कधी कुणाच्या कागदावर सांडलेला नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या थर्मासांनी असं बोलून दाखवावं. त्यांची झाकणं वर्षाच्या आत कुरकुरायला लागतात.

माझा जन्म कर्नाटकातल्या नागमंगलचा. तिथल्या आळीतल्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. त्याची बायको दिवसभर भाता ओढायची. निखाऱ्यांनी तिच्या भुवया जळून गेल्या होत्या. मी तयार झाले तेव्हा माझ्या बुडावर नाव कोरलं गेलं ते त्याचं. मला आतून कल्हई मात्र तिनेच लावली, इतकी लख्ख की आत डोकावल्यावर तिला स्वतःचं तोंड दिसलं. जरा वेळ ती बघत बसली, आणि मग तिने मला विकायच्या भांड्यांत ठेवून दिलं.

तिथून मी आले कल्लहळ्ळीला, नारळ उत्पादक संघाच्या कचेरीत. कचेरीच्या मागे खोबऱ्याची गोदामं. टेबलं, फायली, माणसांचे सदरे, सगळ्यांना खोबऱ्याचा वास. समोर रस्ता ओलांडला की भट्टांचं हॉटेल. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा शिपाई चिक्कण्णा मला घेऊन तिकडे जायचा आणि भरून आणायचा. मी हलले की कचेरीतल्या माना वळायच्या. अध्यक्ष आले तरी इतक्या लगबगीने कुणी पेन खाली ठेवत नसे.

आता आमच्याकडची रीत सांगते. आमच्याकडे माणसं कॉफी बाय-टू पितात. एक कॉफी, दोन पेले, दोन माणसं. कंजूषपणा म्हणून नाही हो. अख्खी कॉफी एकट्याने पिणाऱ्याला कॉफी मिळते, बाय-टू पिणाऱ्याला गप्पा मिळतात. कुणाची बदली होणार, कुणाला रजा मिळणार, कुणाच्या मुलीला पाहुणे बघून गेले, हे सगळं त्या अर्ध्या अर्ध्या पेल्यांवर ठरायचं. नंतर साहेब त्यावर सही करायचे एवढंच.

ओतायचाही क्रम होता. पहिली कॉफी सेक्रेटरी शिवनंजप्पा साहेबांची, अख्खी, चिनी मातीच्या कपबशीत. मग हेडक्लार्क अनंतरामय्या आणि गोदामवाले पुट्टस्वामी यांची बाय-टू. या दोघांची जोडी नवराबायकोपेक्षा जुनी. मग बाकीच्या जोड्या. सगळ्यांत शेवटी माझ्या तळाशी जो गाळ उरे तो होन्नम्माचा. होन्नम्मा कचेरी झाडायची. तळ्यापलीकडच्या वस्तीत राहायची. तिला पेला नव्हता. बाहेरच्या खिडकीत तिची करवंटी असायची. चिक्कण्णा हात उंच धरून, माझी नळी कशाला लागू न देता, तिच्यात ओतायचा. ती ओसरीवर पाठमोरी बसून पिऊन टाकायची.

मग एक दिवस विमलाक्षी आली. हासनची. बारीक, उंच, केसांत एकच अबोलीचा वळेसर. अकाउंटंट म्हणून नेमणूक. म्हणजे सेक्रेटरींच्या खालोखाल तीच, अनंतरामय्यांच्याही वर. कचेरीतली पहिली बाई. होन्नम्मा होतीच की, म्हणाल. पण तिला बाई म्हणून कुणी मोजलं नव्हतं.

त्या सकाळी चिक्कण्णाने मला भरून आणलं आणि सरळ विमलाक्षीच्या टेबलावर ठेवलं. पेले मांडले. हसत म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही आलात, आमचे कष्ट वाचले. ओता सगळ्यांना."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. घरात बाई असली की किटली तिच्या हातात जाते, तो तेवढंच शिकलेला. समोर पुट्टस्वामी पेला पुढे सरकवून बसलेसुद्धा.

विमलाक्षीने माझ्याकडे पाहिलं. मग चिक्कण्णाकडे.

"चिक्कण्णा, काल कोण ओतत होतं?"

"मीच की."

"मग आजही तुम्हीच ओता. साहेबांचं झालं की माझ्याकडे आणा."

आवाज चढला नव्हता, पण पुट्टस्वामींनी पुढे सरकवलेला पेला मागे ओढला. अनंतरामय्यांनी चष्मा पुसला. "आण रे बाबा, मॅडमकडे आण," ते म्हणाले. "अख्खी दे त्यांना. आपल्यासारखी अर्धी देऊ नकोस, त्यांना कमी पडेल."

सगळे हसले. तीही हसली, कारण तिला कळलं नव्हतं. मला कळलं. मी त्या कचेरीत खूप ओतलं होतं.

त्या दिवसापासून विमलाक्षीला रोज अख्खी कॉफी मिळू लागली. मान म्हणून नाही, शिक्षा म्हणून. तिच्याबरोबर बाय-टू करणार कोण? बाई, त्यातून वरची. तिच्याशी अर्धी वाटून घेतली तर गावभर जीभ चालायची, आणि खालच्यांनी वरच्याला विचारायचं तरी कसं? तीच तिकडे गेली असती तर आगाऊ ठरली असती. एकदा तिने केलंही. स्वतःचा पेला उचलून पुट्टस्वामींच्या टेबलापाशी गेली आणि विचारलं, "काय चाललंय?" दोघेही उठून उभे राहिले. "काही नाही मॅडम, बसा मॅडम." मग कुणीच बसलं नाही. ती परत जागेवर आली. तिची कॉफी अर्धी व्हायची आणि मग तिच्यावर साय धरायची. उरलेली अर्धी चिक्कण्णा मोरीत ओतायचा.

मला राग यायचा. माझ्यातून गेलेली कॉफी मोरीत गेलेली मला आवडत नाही.

वर्षं गेली तरी ते तसंच राहिलं. काम चोख करायची, कुणाशी वाकडं नाही. पण सगळ्या गोष्टी तिला शेवटी कळायच्या, तेही कळल्याच तर. एकदा अध्यक्षांच्या आईचं तेरावं होतं. अध्यक्ष म्हणजे गौडा साहेब, अर्ध्या तालुक्याच्या नारळाच्या बागा त्यांच्या. कचेरी बंद ठेवायचं आदल्या दुपारी बाय-टूवर ठरलं. विमलाक्षी सकाळी डबा घेऊन आली तर दाराला कुलूप. मला चिक्कण्णाने घासून ओसरीच्या कठड्यावर पालथं घातलं होतं, म्हणून मी पाहिलं. ती पायरीवर बसली. घड्याळ बघितलं. पदराने मान पुसली. पुन्हा घड्याळ बघितलं.

होन्नम्मा झाडू घेऊन आली ती थबकली.

"अम्मा, आज बंद आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मलाही कुणी सांगत नाही," होन्नम्मा म्हणाली. "पण मी झाडत असले तरी यांच्या तोंडाला कुलूप कुठे असतं? मी असते तिथे यांना वाटतं कुणीच नाही."

विमलाक्षी तिच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण बहुधा पहिल्यांदाच. मग म्हणाली, "बस ना. डब्यात लिंबाचं चित्रान्न आहे."

"मी झाडायला आलेय, अम्मा. मला बसायला पगार नाही."

पण ती बसली. दोन पायऱ्या खाली.

दुसऱ्या दिवशी चिक्कण्णा विमलाक्षीची अख्खी कॉफी ओतायला आला तेव्हा तिने दोन पेले पुढे ठेवले.

"बाय-टू," ती म्हणाली.

चिक्कण्णाला आनंदच झाला. "कुणाबरोबर, मॅडम?"

"होन्नम्मा," तिने दाराकडे बघून हाक मारली. "ये, कॉफी आलीय."

होन्नम्मा दारातच उभी राहिली. झाडू हातात, तोंड उतरलेलं. हळूच म्हणाली, "अम्मा, नका ना. माझं पोट आहे या कचेरीवर."

"कॉफीने कुणाचं पोट जात नाही. ये."

अनंतरामय्या मान वर न करता म्हणाले, "मॅडम, ते पेले ऑफिसचे आहेत. सगळे त्यातच पितात."

"हो ना," विमलाक्षी म्हणाली, "म्हणून तर तिलाही त्यातच देतेय."

चिक्कण्णाने एक डोळा अनंतरामय्यांवर ठेवून मला तिरपं केलं, पण मी सांडू दिलं नाही. अर्धी या पेल्यात, अर्धी त्या पेल्यात. होन्नम्माने उभ्यानेच पेला ओठाला लावला आणि जीभ पोळेपर्यंत घाईने पिऊन टाकला. मग तो पेला धुवायला ती स्वतःच मागे गेली. आमच्या कचेरीत बोलायचं ते बोलून दाखवायची पद्धत नव्हती.

दुपारी चिक्कण्णा मला न्यायला आला नाही. विमलाक्षीने विचारलं तेव्हा नजर चुकवून म्हणाला, "सगळे हॉटेलातच जातो म्हणाले, मॅडम. साहेबसुद्धा. पाय मोकळे होतात म्हणे."

मित्रांनो, मी अख्ख्या कचेरीची कॉफी मावेल एवढ्या पोटाची किटली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या तळाशी एकच कॉफी. भट्टांच्या हॉटेलात चिक्कण्णा मला पुढे करायचा तेव्हा तिथला पोऱ्या आत डोकावून हसायचा. बाकीचे तिथेच बाकावर बसून गप्पा मारत असायचे, माझ्याकडे बघायचेही नाहीत. या दोघींपायी माझी ही दशा झाली म्हणून मी मनातल्या मनात दोघींना खूप बोलले. पण एक खरं, कॉफी मोरीत जायची थांबली. दोघी ओसरीच्या टोकाला बसायच्या, एक वरच्या पायरीवर, एक खालच्या, आणि विमलाक्षी हसायची. तिला हसताना दात दिसतात हे मला तेव्हा कळलं.

असंच चाललं असतं. पण शिवनंजप्पा साहेबांची निवृत्ती आली. त्यांच्या जागी नियमाने विमलाक्षीच यायची. परीक्षा झालेली, हुद्दा तिचा, नोंदी स्वच्छ. ती ते बोलायची नाही, पण सेक्रेटरींच्या खोलीवरून जाताना तिची चाल किंचित हळू व्हायची. हासनहून आलेली तिची आई तर शेजाऱ्यांना आधीच सांगून बसली होती.

एका सकाळी होन्नम्मा पेला हातात घेऊन पीतच नव्हती.

"काय झालं गं?"

"अम्मा, तुम्हाला ती साहेबांची खुर्ची नको आहे का?"

"कोण म्हणालं?"

"अनंतरामय्या. काल हॉटेलच्या मागे मी उष्टी पानं उचलत होते, तिथलंही झाडते ना मी. गौडा साहेबांबरोबर बाय-टू चालली होती. म्हणाले, मॅडमनीच मला सांगितलंय, नको म्हणून. आई आजारी असते. बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्यांच्या तोंडी कोण लागणार म्हणे बाईमाणूस. गौडा साहेब म्हणाले, तिलाच नको तर मग तुम्ही बघा. शनिवारच्या मीटिंगला नक्की करू."

विमलाक्षीने पेला खाली ठेवला. "मी असं कधी म्हणाले? कुणाला म्हणाले?"

"तुम्ही इथे कुणाशी बोलताच कुठे अम्मा, म्हणायला?" होन्नम्मा म्हणाली. "म्हणून तर चाललं त्यांचं. तुमच्या तोंडचं काय खरं न् काय खोटं, कुणाला ठाऊक असणार?"

त्या दिवशी दोन्ही पेले तसेच राहिले.

शनिवारी मीटिंगसाठी मला काठोकाठ भरलं. गौडा साहेब, संचालक मंडळी, शिवनंजप्पा, अनंतरामय्या. विमलाक्षी हिशेब सांगायला कोपऱ्यातल्या खुर्चीवर. चिक्कण्णा ओतत होता तेवढ्यात गौडा साहेबांनी मोठ्या मायेने तिच्याकडे वळून म्हटलं, "आणि मॅडम, तुमच्या आईची तब्येत कशी आहे आता? अनंतरामय्या सांगत होते. म्हणून तुम्ही ही जागा नको म्हणालात, त्याचं वाईट वाटलं आम्हाला. पण घर आधी, खरं आहे."

"आई ठणठणीत आहे," विमलाक्षी म्हणाली. "आणि जागा मला हवी आहे."

टेबलावर पेला वाजला. अनंतरामय्यांचा.

"मग आमच्या कानावर जे आलं ते?"

"मी कुणालाही तसं म्हटलेलं नाही. अनंतरामय्या इथेच आहेत. मी कधी म्हणाले, कुठे बसून म्हणाले, त्यांनीच सांगावं."

अनंतरामय्या म्हणाले, "म्हणजे, मॅडम, शब्दाने नाही. पण एकूण आपलं वाटलं."

एक संचालक खुदकन हसला. गौडा साहेब हसले नाहीत. त्यांना विमलाक्षीचा पुळका आला होता असं मी म्हणणार नाही. आपल्याला कुणीतरी हॉटेलच्या बाकावर बसवून बनवलं, हे त्यांना झोंबलं.

"मग आधी येऊन सांगायचं नाही का बाई?" ते चिडून म्हणाले.

"कुठे सांगायचं, साहेब? तुमचं सगळं बोलणं हॉटेलात होतं. तिथे मी येऊन बसले असते तर तुम्ही उठून गेला असतात."

गौडा साहेबांनी नियमांचं पुस्तक मागितलं. नियम वाचला गेला. जागा तिला मिळाली.

मला वाटलं, आता सगळं नीट होणार. आणि खरंच, सोमवारी सगळे पुन्हा कचेरीतच कॉफी प्यायला लागले. नव्या साहेबांच्या डोळ्यांसमोर असावं लागतं ना. मी पुन्हा काठोकाठ भरले. चिक्कण्णाने आतल्या खोलीत जाऊन, दोन्ही हातांनी मला धरून, पहिली कॉफी चिनी मातीच्या कपबशीत ओतली. अख्खी. "साखर बघा साहेब," तो म्हणाला. मॅडम म्हणायचं त्याने आपोआप सोडलं.

"होन्नम्माला बोलवा," विमलाक्षी म्हणाली. "आणि पेले आणा, दोन."

होन्नम्मा आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही.

"नको, अम्मा."

"का? पूर्वी पीत होतीस की."

"पूर्वी तुमच्याशी कुणी बोलत नव्हतं, माझ्याशीही कुणी बोलत नव्हतं. आता तुम्ही साहेब. उद्या तुम्ही बाहेर कुणाला रागावलात की सगळे म्हणणार, होन्नम्माने चहाडी केली. मीटिंगनंतर अनंतरामय्यांनी मला नुसतं विचारलं, हॉटेलमागे कोण झाडतं गं हल्ली. नुसतं विचारलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही."

"मी आहे ना."

"तुम्ही आत आहात, अम्मा. मी बाहेर."

मग विमलाक्षीने साहेबासारखा हुकूम काढला. करवंटी टाकून द्यायची, होन्नम्माला ऑफिसचा पेला, आणि सगळ्यांसारखी गरम कॉफी. चिक्कण्णाने हुकूम पाळला. होन्नम्माला रोज पेला मिळू लागला, अख्खा, गरम. त्याच ओसरीच्या टोकाला.

मग माझी रोजची वाट अशी झाली. आधी आतल्या खोलीत एक अख्खी कॉफी, दार लोटलेलं. मग बाहेर पुरुषांच्या जोड्या, त्यांच्या गप्पा, त्यांचं हसणं. मग ओसरीवर एक अख्खी कॉफी. आत एक बाई एकटी, बाहेर एक बाई एकटी, आणि मध्ये मी. दोघींना मिळायचं ते मिळालं होतं, आणि दोघींच्याही पेल्यात अर्धी उरायची.

पुष्कळ दिवसांनी एक सकाळ अशी आली की ओसरीवर होन्नम्मा नव्हती. तिच्या झाडूनिशी तिची सून उभी होती. निवृत्ती नाही, हार नाही, शाल नाही. झाडणाऱ्या बाईला कुणी निरोप देतं का? विमलाक्षीने चालता चालता विचारलं, "होन्नम्मा कुठे?"

"गुडघे गेले तिचे," सून म्हणाली. "आता नाही यायची."

चिक्कण्णा मला घेऊन आत गेला तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. "आज नको," ती म्हणाली. पुढे कधी तळ्यापलीकडे गेली का, होन्नम्माला भेटली का, मला ठाऊक नाही. किटलीला कोण सांगतं?

नंतर विमलाक्षीही निवृत्त झाली. तिला हार मिळाला, भाषणं झाली. अनंतरामय्या काठी टेकत आले होते. त्यांचंच भाषण सगळ्यांत लांब झालं. मग कचेरीत कॉफीचं यंत्र आलं. बटण दाबलं की एकाची कॉफी एकालाच. अर्धी करायचं त्या यंत्राला जमतच नाही.

मी आता गोदामाच्या फळीवर आहे, काथ्याच्या दोरखंडांशेजारी. माझी कल्हई गेली आहे. पितळ आतून उघडं पडलं की त्यात काही ओतू नये, प्यायलं तर बाधतं. म्हणून मित्रांनो, घरी असं एखादं जुनं भांडं असेल तर नुसतं बाहेरून चिंच लावून चमकवू नका. आतली कल्हई बघा. बाहेरून चमकवणारे मी खूप पाहिले.

आणि मोठे व्हाल, कचेऱ्यांत जाल, तेव्हा कॉफीच्या वेळी एकदा मान वर करून बघा. कोण एकटं पितंय, आणि कुणाच्या हातात पेलाच नाही. एकटं पिणाऱ्याला एकटंच आवडतं असं समजू नका. मी किती वर्षं त्या आतल्या खोलीत कॉफी नेली. रोज मी आत शिरले की ती आधी दाराकडे बघायची, चिक्कण्णाच्या मागून आणखी कुणी येतंय का. मग म्हणायची, "ठेवा."